एकशेआठ निंबोळ्या

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांना ऐकू येत नाही, आणि मला आता मोठ्यानं बोलवत नाही. तेहतीस वर्षं मराठी शिकवली, आवाज तिथंच वर्गात राहून गेला. एक गोष्ट सांगते. तिच्यात एक आजी आहे, ती मी. एक नात आहे. आणि एक कीर्तनकार बाई आहे, जिचा फोटोसुद्धा कुणाकडं नाही. गोष्टीत मधे एक जागा अशी आहे की ती मी सांगणार नाही. का, ते तिथं पोचल्यावर कळेल. ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांनी उठू नये, खुशाल बसावं.

नोव्हेंबर संपायला दोन दिवस होते. नांदेडला आमच्या बँकेत मी पासबुक छापून घ्यायला गेले, एवढंच. खिडकीत धम्मप्रिया होती, माझी जुनी विद्यार्थिनी, निबंधात पानभर लिहून शेवटचं वाक्य अर्धं सोडणारी. तिनं कॉम्प्युटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कॉम्प्युटरकडं बघितलं. म्हणाली, "बाई, रागवू नका. तुमचा हयातीचा दाखला आलेला न्हाई. आमच्या हिशेबानं तुम्ही हयात न्हाईत." बोलता बोलता तिला हसू फुटलं, तिनं ते ओढणीत लपवलं. मी म्हटलं, हयात नसलेल्या माणसाला इथं चहा मिळतो का? चहा आला. दरवर्षी नोव्हेंबरात निवृत्तीवेतनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे सांगायचं असतं. पूर्वी समोर जाऊन सही करायची, आता मोबाईलला चेहरा दाखवायचा. आणि तो तर मी दाखवला होता. दिवाळीत लातूरला, लेकीच्या घरी, गॅलरीत. नातीनं, दामिनीनं, मोबाईल धरला होता. चष्मा काढला, डोळे मिटले, उघडले, हिरवी खूण आली. धम्मप्रियानं विचारलं, "आधार नंबर घातला होता का? नंतर काही निरोप आला का फोनवर?" नाही. काहीच नाही. "मग ते दुसरंच काही असंल, बाई. आजकाल वय बघायला बी असाच चेहरा मागतात. मारामारीचे गेम असतात, अठराच्या खालच्याला उघडत न्हाईत. आमच्या बहिणीच्या पोरीनं माझा चेहरा असाच नेला होता." असं म्हणून तिनं स्वतःच्या मोबाईलवर, तिथंच, रांग थांबवून, माझा खरा दाखला करून दिला. "डोळे मिटा बाई. उघडा. झालं. आता हायत तुम्ही."

आता आहे मी. मग दिवाळीत कोण होते? बँकेच्या पायऱ्यांवर मी उभी राहिले, रिक्षावाले विचारून विचारून पुढं गेले. मला राग आला नव्हता, हे मला आजही नवल वाटतं. मला आठवत होती ती गॅलरी. दामिनीनं माझी हनुवटी दोन बोटांनी धरून चेहरा उजेडाकडं वळवला होता, तिच्या बोटांना चकलीचा वास होता. बारा वर्षांची पोर, सातवीतली, पण हनुवटी धरायची पद्धत माझ्या आईची. "आजी, हलू नको. आता मिट. आता उघड." मी विचारलं, "काय म्हणतंय? आहे ना मी हयात?" आणि ती म्हणाली, "हाव आजी, शंभर टक्के." त्या शंभर टक्क्यांवर मी नांदेडला परत आले होते. शिवाय तेव्हापासून एक नवीनच सुख सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी सहाला दामिनीचा फोन. "आजी, काय करून राहिलीस?" मी सांगायची, दिवा लावून राहिले, भाजी निवडून राहिले. "बरं. ठेवते." एवढंच. शेजारच्या सरजाबाईला मी हे सांगून सांगून हैराण केलं होतं. ती म्हणायची, "तुमचं नशीब लई भारी बाई. आमच्या नातवाला माझा नंबर बी पाठ न्हाई, त्यो फकस्त चार्जर कुठं हाय म्हणून इचारतो." मी हसायची आणि मनातून फुगायची. आता पायऱ्यांवर उभी राहून मी त्या फोनांकडं पुन्हा बघत होते, एकेका फोनाकडं, आणि ते मला ओळखीचे वाटत नव्हते. माझा चेहरा पुढं करून ती पोर कोणत्या दारातून आत गेली होती? आत काय होतं? आणि बाहेर आली होती का? घरी जाऊन मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर विचारलं असतं तर तिनं फोनवरच उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची लातूर गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली, देवाची कृपा. लोहा मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरी फुलावर आल्या होत्या, आणि मला दिवाळीतलं एक जेवण आठवायला लागलं, जे मी विसरायचं ठरवलं होतं. दामिनीच्या शाळेनं एक कागद पाठवला होता, पालकांचं मत विचारणारा. मुलं मोबाईलवर हिंसक खेळ खेळतात, त्यांचं काय करावं? सरसकट बंदी असावी, की 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का मारून मोठ्यांपुरते ते चालू द्यावेत, की सगळं आईबापांवर सोडावं. तीन चौकोन, एकात खूण करायची. माझी लेक वैष्णवी म्हणाली, "बंदी. यात विचारायचं काय?" जावई मिहिर पाटबंधारे खात्यात अभियंता; त्याला कुठलंही दार लावलं की पाणी कुठून फुटेल ते आधी दिसतं. तो म्हणाला, "बंदी घालून काय होतंय? आणि मी चाळीस वर्षांचा माणूस काय बघणार ते दुसऱ्यानं ठरवायचं? शिक्का तर त्याहून विनोदी. अठराचा शिक्का म्हणजे जाहिरात. पोरं आधी तेच उघडतात." मी म्हटलं, मला आपलं वाटतं शिक्का असावा. तो हसत माझ्याकडं वळला. "आई, तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या कीर्तनात काय कमी कापाकापी असते? पोटं फाडतात, मुंडकी उडवतात, आणि पुढच्या रांगेत सगळी पोरंच बसलेली. तिथं मारला का कुणी शिक्का?" उत्तर नसलं की मी वाढते; त्याच्या ताटात अजून एक करंजी ठेवली. कागद फ्रिजवर चुंबकाखाली गेला, तीनही चौकोन कोरे. दामिनी ताटात बघून जेवत होती. आता गाडीत मला तिची ती खाली घातलेली मान दिसली, आणि कळलं की ती तेव्हा ऐकत नव्हती, घाबरत होती; चेहरा तिनं त्याच दिवशी दुपारी नेला होता.

पण मिहिरचं बोलणं टोचलं होतं ते वेगळ्याच जागी. कारण त्यानं म्हटलं ते खरं होतं, आणि खरं नव्हतंही, आणि कुठं खरं नव्हतं ते मला सापडत नव्हतं. माझं सगळं बाळपण त्या पुढच्या रांगेत गेलं. मुखेडला वडील तहसिलात कारकून होते, घरासमोर मारुतीचं देऊळ, आणि ज्येष्ठात सप्ताह बसायचा. सातव्या दिवशी दुपार कलली की गुणाबाईचं कीर्तन. माहूरच्या बाजूचं कुठलं तरी गाव तिचं. एसटीनं यायची, एक पिशवी, दोन लुगडी, टाळ फडक्यात गुंडाळलेले. बाई काडीसारखी, आवाज चिरका, पण तो आवाज चिरला की आमच्या अंगावर काटा यायचा. पेटीवर मलप्पा नावाचे शिंपी बसायचे. ते एरवी कुणाशी बोलत नसत, पेटीतूनच काय ते. सातव्या दिवशीचं आख्यान ठरलेलं. एका घरी देव पाहुणा होऊन येतो, आणि जेवायला बसायच्या आधी तो त्या घरच्या आईबापांकडं मागू नये ते मागतो. इथपर्यंत आलं की गुणाबाई टाळ थांबवायची. मलप्पा एकच सूर धरून ठेवायचे. बाई पुढच्या रांगेकडं बघायची आणि साध्या, घरातल्या आवाजात म्हणायची, "लेकरांहो, उठा. देवाला निंबोळ्या लागत्यात. एकशेआठ. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. फुटकी चालायची न्हाई. पळा."

आम्ही पळायचो. तुम्हाला सांगते, त्या पळण्यात जो मान होता तो पुढं मला कुठल्या सत्कारातही मिळाला नाही. एवढी मोठी माणसं नुसती बसलेली आणि देवाचं काम आम्हाला. देवळामागं लिंबाचं झाड, खाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा, काही पिकून मऊ झालेल्या, तोंडात टाकली की आधी गोड मग जन्मभर कडू. साठपर्यंत मोजायचं, मग कुणीतरी भांडण काढायचं, मग पुन्हा एकपासून. आमच्याबरोबर एक मोठं माणूसही असायचं. शिवगंगा म्हणून एक बाई होती, पंचविशीची असेल. तिचं लेकरू गेलं होतं. गुणाबाई तिलाही उठवायची, "शिवगंगे, तू जा पोरांसंगं. मोजायला मोठं माणूस लागतं." शिवगंगा पदर खोचून यायची आणि खाली बसून आमच्या निंबोळ्या ओळीत मांडायची, दहा-दहाच्या. आतून मृदंग ऐकू यायचा, मग मृदंग थांबायचा, मग खूप बाया एकदम रडल्यासारखा आवाज. आम्हाला वाटायचं, मोठी माणसं देव बघून रडतात. आम्ही परत जायचो तेव्हा गुणाबाई ओच्यात निंबोळ्या घ्यायची, जागेवर बसवायची आणि म्हणायची, आता ऐका. आणि सांगायची, आई दारात उभी राहिली, आईनं बाळाला नाव घेऊन हाक मारली, ये रे जेवायला, अन् बाळ पळत आलं. आम्ही हसायचो. बाळ पळत आलं की हसायचंच. मागं वळून बघितलं तर मोठ्यांचे चेहरे ओले. अशी कितीतरी वर्षं माझ्याजवळ ती गोष्ट होती: पाहुणा आला, काहीतरी मागितलं, निंबोळ्या, हाक, बाळ पळत आलं.

मग मी नांदेडला कॉलेजात गेले. पहिल्या सुट्टीत मुखेडला आले ते सप्ताहातच. गुणाबाई थकली होती, मलप्पांना ऐकू कमी येत होतं. ती जागा आली, टाळ थांबले, पोरं उठली, सवयीनं मीही उठले. गुणाबाईनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. "मालू," ती म्हणाली, "तू बस गं आता." मी बसले. आणि जे ऐकलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. मघाशी म्हटलेली जागा ती हीच. तुमच्यात कोण किती वयाचं, कुणाच्या घरात परवा काय होऊन गेलं, मला इथून दिसत नाही. तिला दिसायचं. एवढंच सांगते की माझ्या तळहाताला नखं रुतली होती, आणि बाहेर पोरं साठपर्यंत मोजून भांडत होती तो आवाज मला ऐकू येत होता, आणि तो आवाज मला धरून होता. मग पोरं आली, निंबोळ्या ओच्यात पडल्या, आईनं हाक मारली, बाळ पळत आलं, पोरं हसली, आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मी अर्धीच गोष्ट ऐकली होती आणि मला ती कधीच अर्धी वाटली नव्हती. कीर्तन संपल्यावर मी तिला विचारलं, "बाई, तुम्ही त्या निंबोळ्या कधी मोजल्या का हो?" ती टाळ फडक्यात गुंडाळत होती. "म्या कशाला मोजू? तुम्हाला मोजायला वेळ लागावा म्हणून तर आकडा सांगितला." मी म्हटलं, मग ते एवढं भयंकर आहे तर काढूनच टाका ना गोष्टीतून. तेव्हा ती हसली, दात नव्हते पुढचे. "काढून कसं टाकू, बाई? मोठ्या माणसाला बी रडाया जागा लागती."

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, आणि मला मिहिरला द्यायचं उत्तर सापडलं, तीन आठवडे उशिरा, हातात शेंगदाण्याची पुडी असताना. शिक्का मारला होता की. दरवर्षी मारला जात होता, आमच्या कपाळावर, आणि तो आम्हाला फुलासारखा वाटत होता. शेजारच्या सीटवरच्या बाईला हे सांगावं असं मला फार वाटलं. मी तिला शेंगदाणे दिले. पण पुढच्या वळणाला तो आनंद ओसरला, कारण दामिनीला कुणी निंबोळ्या आणायला पाठवलं नव्हतं. उलट दारावर खूण होती, अठरा, आत येऊ नको. आणि त्या दारापाशी मीच उभी होते, डोळे मिटून, उघडून, हसत. आत काय होतं ते तिनं एकटीनं बघितलं होतं. हे मनात आल्यावर मी चाकूर ते लातूर जप केला, पण मणी मोजता मोजता दरवेळी साठाला चुकले.

दार दामिनीनंच उघडलं. शाळेतून नुकती आली होती, दप्तर पाठीवरच. वैष्णवी आणि मिहिर यायला अजून दोन तास होते. तिनं "आजी?" म्हटलं, आणि माझ्या गळ्यात पडायच्या ऐवजी हात उचलून माझ्या गालाला लावला, तवा तापला का बघतात तसा. उजव्या अंगठ्याला पट्टी होती, औषधाच्या दुकानात मिळते ती, कडा काळ्या पडलेल्या. मी विचारलं, काय लागलं? म्हणाली, काही नाही. मी ती पट्टी उचलली. खाली जखम नव्हती. नुसती पांढरी, सुरकुतलेली कातडी, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. काहीतरी हलकं बोलावं म्हणून मी आपलं म्हटलं, "अगं, काल बँकेत गेले तर काय म्हणावं, त्यांच्याकडं मी हयातच नाही." आणि दामिनी आहे तिथं, चपलांच्या शेजारी, फरशीवर बसली. "म्हणजे झालंच," ती म्हणाली. मी विचारलं, काय झालं? "माझ्यामुळं झालं."

मी पण खाली बसले. गुडघे दुखतात, पण बसले. ती बोलली तसंच सांगते. वर्गातल्या सगळ्या पोरी त्या गेमचं बोलायच्या, तो अठराच्या पुढचा होता. आजी आपणहून मोबाईलपुढं चेहरा धरते, दाखल्यासाठी, हे तिला माहीत होतं. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. पण तू इतकी खूश होतीस, आजी." गेममध्ये एका पुलावर पहारा करायचा. चार दिवस नुसता पाऊस, पूल, चालणं. पाचव्या दिवशी एक म्हातारी येते, डोक्यावर गाठोडं. पडद्यावर हुकूम येतो. बटण दाबायचं. "नाही दाबलं तर पुढं जातच नाही. मी तशीच ठेवली, पाच मिनिटं. ती नुसती उभी. डोळे मिटायची, उघडायची. तू मिटले होतेस ना, तसे."

"मग?"

"मग दाबलं." तिनं अंगठा मुठीत घेतला. "सगळ्यांनाच दाबावं लागतं. पण दाबलं मीच ना? आणि आत जाताना चेहरा तुझा होता. वर आलं होतं, खात्री झाली म्हणून. मला वाटलं, त्यांनी तुझाच ठेवून घेतला, त्या म्हातारीसाठी. म्हणून रोज फोन करायची. तू उचललास की कळायचं."

कीर्तनात कितीही रक्त सांडलं तरी शस्त्र कुणी आपल्या हातात देत नाही, हे मला त्या फरशीवर बसून कळलं. ऐकणारा तळहाताला नखं रुतवतो, एवढंच त्याच्याकडून मागतात. आणि या पोरीच्या अंगठ्याकडून त्यांनी काय मागितलं होतं. तेही तिचं वय माहीत नसताना, किंवा माझं वय तिचं समजून. मला सहाचे ते सगळे फोन एकदम ऐकू आले. काय करून राहिलीस, बरं, ठेवते. मी सरजाबाईपुढं मिरवत होते, आणि ही इथं मोबाईल कानाला लावून मी मेले का जिवंत ते बघत होती, रोज, एकटी, कुणाला न सांगता. तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना शाळेतल्या खडूचा वास होता. आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून मी तिला गुणाबाईची गोष्ट सांगायला लागले, चपलांच्या शेजारी बसूनच. पाहुणा आला, काहीतरी मागितलं, इथपर्यंत आले आणि थांबले.

"काय मागितलं?"

"ते नाही सांगणार. मोठी झालीस की सांगेन."

तिनं मान वर केली. "तुझ्या गोष्टीला पण एटीन प्लस आहे?"

"हाव. गुणाबाईनं लावलंय." मग निंबोळ्यांचं सांगितलं, शिवगंगेचं सांगितलं, हाकेचं सांगितलं. बाळ पळत आलं हेही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्या गेममध्ये हाक मारायचं बटणच नाहीये, आजी. मी शोधलं."

"नाही ना. पण तू मारलीस की. रोज सहाला. आणि मी आले का नाही रोज?"

ती मोजायला लागली असावी, ओठ हलत होते. "रविवारी नाही उचललास."

"रविवारी कीर्तनात होते. नंतर मीच केला."

"सात पंचवीसला," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम लहान झाला, आणि ती जी रडली ती मला त्या दुपारच्या मुखेडच्या बायांसारखी ऐकू आली. रडून झाल्यावर भूक लागली म्हणाली. मी सुशीला केली, चुरमुरे भिजवून, वर भरपूर दाण्याचा कूट, तिला आवडते तशी. तिनं उजव्या हातानं खाल्ली. पट्टी कुठं पडली होती कोण जाणे.

आईबापांना तूच सांगायचंस, एवढंच मी म्हटलं होतं. वैष्णवी आली, चहा ठेवायला लागली, मिहिर हात धुऊन खुर्चीत बसला, आणि दामिनीनं फ्रिजला पाठ लावून सगळं सांगितलं, म्हातारीपर्यंत. वैष्णवीनं आधी माझ्याकडं रागानं बघितलं, मग तिच्याकडं, मग गॅस बंद केला आणि पदरात तोंड घातलं. "म्हणून मी म्हणत होते बंदी घाला." मिहिरनं खुर्ची मागं सरकवली. मला वाटलं आता ओरडतो. तो म्हणाला, "त्या पुलाशी मी पण थांबलो होतो." आम्ही तिघी त्याच्याकडं बघत राहिलो. "मागच्या वर्षी. खेळलोय मी तो. वाईट नाही तो गेम, वैष्णवी. ते मुद्दाम तसं ठेवलंय, दाबणाऱ्याला कळावं म्हणून. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं." दामिनीनं विचारलं, "तुम्ही पण दाबलं, बाबा?" त्यानं मान डोलावली. "मला चाळीस वर्षं लागली गं ते बघायला. तुला कशाला दाखवायचं आत्ताच." मग माझ्याकडं वळून, नेहमीचं हसू आणायचा प्रयत्न करत, "आई, उत्तर सापडलं असेल तर द्या. करंजी नको." मी दिलं. अहमदपूरपासून सांभाळून आणलं होतं, सगळं दिलं. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे मला रडायला जागा आणि हिला निंबोळ्या." मी म्हटलं, हाव. वैष्णवी नाक पुसत म्हणाली, "आणि मला? मला चाळिशीतही असलं बघवत नाही." मी म्हटलं, "तू शिवगंगेसारखी पोरांसंगं जा. मोजायला मोठं माणूस लागतं."

कागद अजून चुंबकाखाली होता, द्यायची तारीख होऊन गेलेली. मिहिरनं मधल्या चौकोनात खूण केली. पेन वैष्णवीनंच शोधून दिलं. दामिनी म्हणाली, "खाली लिहा बाबा. नुसता शिक्का नको, दारात कुणीतरी बसायला पाहिजे. चेहरा स्कॅन करणारं नाही. ओळखणारं." त्यानं तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत. शाळेनं तो कागद वाचला का, ठाऊक नाही. मला एवढं कळतं की गुणाबाई प्रत्येक मोबाईलच्या दारात बसू शकत नाही, आणि जिथं ती बसू शकत नाही तिथं अठराचा तो आकडा असू द्यावा, निदान तिची रिकामी सतरंजी म्हणून तरी. बसायचं मग आपणच. पुढच्या वेळी कुणी माझा चेहरा मागितला तर मी आधी विचारीन, कशासाठी. आणि नातीनं मागितला तर विचारून, तिच्या शेजारी बसेन.

दोन दिवसांनी नांदेडला परतले. धम्मप्रियाला पेढे नेऊन दिले. म्हटलं, तू मला हयात नाही म्हणालीस त्याचे. तिला काही कळलं नाही, पण पेढे घेतले. देवाचे किती आभार मानू. दाखला चुकला नसता तर मी सहाच्या फोनावर अजून मिरवत बसले असते. फोन अजूनही येतो. रोज नाही, तिला शाळा आहे, मैत्रिणी आहेत. परवा आला. "आजी, काय करून राहिलीस?" मी म्हटलं, हयात आहे. पलीकडून हसू आलं, बाळ पळत आल्यावर आम्ही हसायचो तसं.

तर गोष्ट एवढीच. तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. गुणाबाई कधी गेली, कुठं गेली, मुखेडात कुणाला सांगता येत नाही. तिला कुणी कधी दाखला मागितला नाही आणि तिनं दिला नाही. येत्या ज्येष्ठात कुठं लिंबाखाली पिवळा सडा दिसला तर जरा थांबा. बरोबर लेकरू असेल तर त्याला मोजायला लावा, साठाला चुकलं तर चुकू द्या, पुन्हा एकपासून. आणि ते मोजत असेल तेवढा वेळ तिची आठवण काढा. गुणाबाई. टाळ थांबवणारी.